मामा आणि डोंगरातलं पांढरं गाव

दुबईत मी सहा वर्षं एका म्हाताऱ्या बाईंची नर्स होते. त्या घरातले सगळे नोकर त्यांना ‘मामा’ म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. तिथून पहिल्याच पत्रात मी मिरजेला घरी लिहिलं, ‘मामांना सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन द्यावं लागतं, मामांचे केस मीच विंचरते.’ नवऱ्याचं उलट टपाली उत्तर आलं, ‘हे मामा कोण?’ त्या वर्षात मी मनापासून हसले ती तेवढीच वेळ असावी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी मुलगी चार वर्षांची असताना मी दुबईला आले, आधी हॉस्पिटलमध्ये होते. मामा तिथे पायाच्या जखमेसाठी दाखल झाल्या आणि घरी जाताना त्यांनी मुलाला सांगितलं, ही सिस्टर मला पाहिजे. त्याचं कारण माझं काम नव्हतं, माझं हिंदी होतं. तरुणपणी त्या ऑपरेशनसाठी मुंबईला तीन महिने राहिल्या होत्या. तिथल्या वॉर्डात शिकलेलं हिंदी त्यांनी जपून ठेवलं होतं आणि ते बोलायला घरात कोणी नव्हतं. मुलं अरबीत आणि फोनवर बोलायची, नातवंडं इंग्रजीत.

जुमेराच्या त्या बंगल्यात माझी खोली त्यांच्या खोलीला लागून होती. मधलं दार उघडंच असे. शुक्रवारी मला अर्धा दिवस सुट्टी मिळायची. करामा या भारतीय वस्तीत जाऊन मी पोहे आणि मसाला आणायची, ओळखीच्या नर्सकडे चहा प्यायची आणि चारच्या आत परत यायची. तिच्या खोलीत सहाजणी राहत, बसायला जागा नसे.

उन्हाळ्यात सगळं घर स्पेनला जायचं. समुद्राकाठी थोरल्या मुलाचं घर होतं. चौथ्या वर्षी मामांनाही नेलं, आणि मामा म्हटलं की मी आलेच. पण तिथे दिवसभर पाहुणे, गाणी, पोहण्याच्या तलावावर आरडाओरडा. मामांची साखर वर-खाली होऊ लागली. डॉक्टर म्हणाले, यांना शांत, थंड जागी ठेवा. मग मुलाने वर डोंगरात एका जुन्या गावात आठ दिवसांसाठी घर घेतलं आणि आम्हा दोघींना तिथे सोडलं. एक दिवसाआड ड्रायव्हर सामान घेऊन येणार होता.

गाव एवढंसं. चुन्याने रंगवलेली पांढरी घरं एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारखी. गाडी वेशीशी थांबली तेव्हा सोडायला आलेल्या नातवाने पाटी वाचून दाखवली. नावाची सुरुवात ‘बेनी’ने होती. मामा एकदम सावरून बसल्या.

“बेनी? ये तो हमारा बात है,” त्या मला म्हणाल्या. “बेनी माने फलाने का बच्चा लोग. इधर अरब लोग रहता था.”

“फार वर्षांपूर्वी, आजी,” नातू इंग्रजीत म्हणाला. मी त्याचं हिंदी करून सांगितलं. मामांनी हात उडवला.

गुडघ्यांमुळे त्यांना चढ चढवत नसे. सकाळी मी दारात सावलीला खुर्ची मांडून द्यायची. त्या पायघोळ काळा अबाया आणि तोंडावर तो चकाकता सोनेरी मुखवटा घालून बसत, त्यालाच त्या बुरखा म्हणत. येणारे-जाणारे थबकून बघत, मान लववत आणि पुढे जात. घरात इंग्रजीतलं एक पत्रक होतं, गावात काय काय पाहण्यासारखं आहे त्याचं. ते मी मामांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “तुम जाओ, सब देखो. आके हमको बोलो.”

म्हणून मी रोज एक जागा बघून येऊ लागले. पहिल्या दिवशी चर्च. त्याचा मनोरा पूर्वी मशिदीचा होता, विटांची नक्षी खालच्या अर्ध्या भागात वेगळी दिसते. मामांनी विचारलं, “मस्जिद का मुँह किधर था?” म्हणजे मक्केकडची बाजू, ती मी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी परत गेले. चर्च झाडणाऱ्या बाईने बाजूच्या भिंतीत बुजवलेली एक कमान बोटाने दाखवली. उन्हावरून दिशा ठरवून मी सांगितलं, तेव्हा मामांनी डोळे मिटून मान हलवली. मग एक जमिनीखालचं टाकं पाहिलं, दगडी, थंडगार, आमच्याकडच्या गडावर असतं तसं. मामांचा प्रश्न, “पानी है अभी?” पाणी नव्हतं. त्यांना वाईट वाटलं.

मला स्वतःला तिथे कसं वाटत होतं, ते त्या दिवसांत मला कोणी विचारलं नाही. दुकानात मी बोटाने दाखवून टोमॅटो घ्यायची. दुबईत निदान शिव्या तरी हिंदीत ऐकू यायच्या. इथे तीन दिवसांत मी मामांखेरीज कोणाशी एक वाक्य बोलले नव्हते.

चौथ्या दिवशी किल्ला राहिला होता. तो गावाच्या वर, तासाभराच्या चढावर. मी इन्सुलिन दिलं, न्याहारी दिली, पाण्याची बाटली हाताशी ठेवली आणि निघाले. पत्रकात मोठं वर्णन होतं, प्रत्यक्षात दोन बुरूज आणि पडकी तटबंदी. वर माणूस नव्हतं. गिधाडं माझ्या पातळीला, कधी खालीसुद्धा, संथ घिरट्या घालत होती. दूर समुद्राची रेघ. शाळेची सहल पन्हाळ्याला गेली होती तेव्हा बाई सारख्या माणसं मोजायच्या, ते आठवलं. मनात आलं, मामा सोडल्या तर आत्ता मी इथे आहे हे जगात एकाही माणसाला ठाऊक नाही. मिरजेला वाटतंय मी दुबईत आहे. मी तटाला टेकून बसले आणि रडले. कशासाठी ते नेमकं सांगता येणार नाही. रडून झाल्यावर वाऱ्यात डोळा लागला.

जागी झाले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. धावत खाली आले. दारात खुर्ची रिकामी. काठी नाही. घरात मामा नाहीत.

त्या भाषेतला ‘म्हातारी’ हा साधा शब्दसुद्धा मला येत नव्हता. दिसेल त्याच्यासमोर मी हाताने तोंडावर बुरख्याचा आकार काढत होते. डोक्यात एकच, साखर उतरली असेल, कुठे तरी पडल्या असतील, त्यांच्या मुलाला काय तोंड दाखवू. खानावळीतल्या माणसाने खालच्या गल्लीकडे हात केला.

गल्लीच्या टोकाला गावाचं जुनं धुणं धुण्याचं ठिकाण होतं. वर छप्पर, खाली दगडी कुंड, डोंगरातून पाटाने आलेलं पाणी त्यात पडत होतं. आता तिथे कोणी धुणं धूत नसावं. सात-आठ म्हाताऱ्या गारव्याला बसून बदाम सोलत होत्या आणि त्यांच्यात मामा. बुरखा काढून मांडीवर ठेवलेला. त्यांचा उघडा चेहरा मी सोडून बाहेरच्या कोणी पाहिला असेल असं मला वाटत नव्हतं. त्या खळखळून हसत होत्या.

“मामा! मैं कितना ढूँढा आपको!” मी जवळजवळ ओरडलेच.

“बैठो, बैठो,” त्या म्हणाल्या. मग पाण्याच्या पाटाकडे बोट दाखवून, “हम बोलता साकिया. ये लोग भी बोलता असेकिया! सुक्कर, माने शक्कर, उसको भी असुकर बोलता!”

शेजारच्या बाईने ते शब्द पुन्हा म्हणून दाखवले आणि सगळ्या हसल्या. मी पर्समधलं मशीन काढून मामांची साखर तपासली. अगदी ठीक होती. त्यांनी पाव आणि बदाम खाल्ले होते. खरं सांगते, ती ठीक होती याचासुद्धा मला राग आला.

कोणीतरी मला बसायला एक पाट सरकवला, पुढ्यात बदामांचा ढीग. मीही सोलू लागले. समोरच्या बाईने माझ्याकडे, मग मामांकडे बोट केलं आणि पोटावरून हात फिरवला. मुलगी का? मामांनी नाही म्हणून मान हलवली. “ला. सिस्टर.” बरोबरच होतं ते. तरी मी बराच वेळ मान वर केली नाही.

“ऊपर क्या देखा?” मामांनी विचारलं.

“कुछ नहीं. पत्थर,” मी म्हणाले.

त्या दिवशी दुपारी चौकातल्या फोनवरून मी मिरजेला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. मुलीने उचलला. मी म्हटलं, “अगं, मी कुठून बोलतेय ओळख!” ती म्हणाली, “आई, गणपतीच्या नाचाची प्रॅक्टिस आहे, सगळ्या थांबल्यात. बाबांना देऊ?” बाबा दुकानात गेले होते. ती पळाली. फोन कोणी खाली ठेवला नाही. आमच्या घरातला पंखा फिरताना मला ऐकू येत होता. नाणी संपेपर्यंत मी ऐकत राहिले.

पुढचे तीन दिवस मामा सकाळीच तिथे जाऊन बसत. मी हात धरून नेऊन सोडायची आणि जेवायला आणायची. मला कोणी बसू नको म्हटलं नव्हतं. पण मी घरी येऊन भांडी घासायची, चादरी झटकायची. आठव्या दिवशी मुलगा आला. मामा म्हणाल्या, अजून राहते. तो हसला, “खलास, यम्मा. यल्ला.” पुरे आता आई, चल. त्या बायका गाडीपर्यंत आल्या. मामांनी एकेकीचे गाल धरले आणि ‘इन्शाल्ला, इन्शाल्ला’ म्हणत राहिल्या.

मामा पुन्हा तिथे गेल्या नाहीत. त्याच हिवाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि हिंदी गेलं. अरबी उरलं, तेही तुटक. मुंबईच्या वॉर्डातलं ते सगळं पुसलं गेलं. पुढची दोन वर्षं मी त्यांना उठवलं, धुतलं, भरवलं, पण आमच्यात बोलणं म्हणून राहिलं नाही. मधलं दार तसंच उघडं असायचं. एका पहाटे त्या गेल्या. घर बायकांनी भरलं. मी औषधांचं कपाट आवरलं, उरलेल्या सुया मोजून दिल्या आणि माझी बॅग भरली.

हॉस्पिटलात पुन्हा रुजू होण्याआधी महिनाभर घरी आले. दुसऱ्याच दिवशी भावाकडे आईला भेटायला गेले. तिलाही आता साखर होती, हे मला घरी आल्यावर कळलं, तोवर कोणी कळवलं नव्हतं. चपला काढल्या काढल्या मी तिचं बोट धरलं आणि मशीन काढलं.

आई म्हणाली, “अगं, आधी बस तरी. चहा घे.”

मी बसले. तिने वहिनीला हाक मारून पंखा लावायला सांगितला, मग विचारलं, “आता कधी जायचंय परत?” मी तारीख सांगितली.