शरच्चंद्र सरांचं कोंबडीचं पीस

शरच्चंद्र सरांबद्दल खरंखोटं ऐकायचं असेल तर कर्जतच्या भिसेगावात माझ्याइतका लायक माणूस सापडायचा नाही. त्यांच्या भिंतीला माझी भिंत लागून आहे आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

सर सहावीला विज्ञान शिकवायचे. धडा सजीवांच्या लक्षणांचा आला की खिशातून कोंबडीचं पीस निघायचं. सरांच्या घरात अंडंसुद्धा लपून खातात, तिथं हे पीस कुठून येतं, यावर आम्ही बरीच करमणूक करून घेतली. एका पोराला बाकावर पालथं झोपवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि तळव्यावर पीस फिरवायचं. पोरगं खिदळत पाय ओढून घ्यायचं. "ही चेतनाक्षमता," सर म्हणायचे. "नाकावरची पेशी, तळव्यावरची पेशी, सगळ्या खातात-पितात, श्वास घेतात. पण निरोप पोचवणारी पेशी वेगळी. तिचा धागा कंबरेपासून थेट अंगठ्यापर्यंत जातो." आज शिळफाट्यावर टेंपो चालवणारे बाप्येसुद्धा ते पीस आठवून हसतात.

त्यांची बायको, सुचेतावहिनी, गल्लीला दुसरी करमणूक पुरवत होती. तिची चप्पल वाटेत पायातून निसटायची आणि ही बया तशीच पुढे चालत घरी यायची. एक पाय चपलेत, एक धुळीत. भाजी विकायला येणारी चिंधी मागून चप्पल घेऊन यायची. "वैनी, ही काय वांग्यांच्या बदली हाय?" मी म्हणायचो, वहिनी कुणाच्या तरी विचारात असते, सरांनी लक्ष ठेवावं. सगळ्यांत मोठ्यानं सरच हसायचे. म्हणायचे, प्राध्यापकांचा विसरभोळेपणा बायकोलाही लागतो. ते प्राध्यापक कधीच नव्हते, ते सोडा.

वहिनीला साखर होती. थोडीशीच, असं ती म्हणायची, आणि गोळी आठवली तर घ्यायची. दरवर्षी नवरात्रात ती नऊ दिवस अनवाणी चालायची. सर चिडवायचे, "देवीला तुझ्या टाचांत काय रस?" ती म्हणायची, "तुम्हाला नाही तर कुणाला तरी असू दे." मी भिंतीपलीकडून दाद द्यायचो.

दोन वर्षांपूर्वीचं नवरात्र कडक उन्हाचं गेलं. दुपारी डांबर पाघळायचं, आणि वहिनी त्यावरून देवळात जाऊन यायची. काही होत नाही हो, म्हणायची, सवय आहे. दसऱ्याला तिनं रांगोळी काढली आणि उठली, तर पांढऱ्या फरशीवर ओलसर लाल डाग उमटत गेले. सरांना वाटलं, कुंकू सांडलं. पाय उचलून पाहिला तर टाचेखाली मोठा फोड फुटून आतपर्यंत सडलेला. तिला पत्ता नव्हता.

पनवेलच्या डॉक्टरकडे नेताना गाडी माझ्या भाच्याची, म्हणून मीही गेलो. डॉक्टर तरुण बाई. तिनं वहिनीला डोळे मिटायला सांगितले, एक बारीकसा नायलॉनचा धागा घेतला आणि दुसऱ्या, धडधाकट पायाच्या तळव्यावर जागोजागी टेकवू लागली. जाणवलं की हो म्हणायचं होतं. खोलीत पंख्याचा आवाज. धागा अंगठ्यावर टेकला, बोटांवर टेकला, टाचेवर टेकला. थोड्या वेळानं वहिनी म्हणाली,

"सुरू केलंत की सांगा हं."

मी सरांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला चिडवायला काही सुचलं नाही. डॉक्टरीण समजावत होती, साखरेनं सगळ्यांत लांब नसा आधी मरतात, म्हणून तळवे आधी बधिर होतात, पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. सर मान हलवत होते. वर्गात पहिल्या बाकावरचं हुशार पोर हलवतं, तशी. सगळं त्यांना येत होतं.

डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

वहिनी घरी आली आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली की अष्टमीला भर बाजारात तिनं चप्पल घातली होती, नेम मोडला, देवी कोपली. पूर्वी असं कुणी बोललं की सर तास घ्यायचे. आता ते पाण्याचा पेला उचलून आत जायचे. महिनाभर हे चाललं. मला ते बघवत नव्हतं, पण नवराबायकोत बोलावं कसं?

एके संध्याकाळी मी चहाला बसलो होतो. वहिनीनं पुन्हा अष्टमी काढली. सर म्हणाले, "सुचेता, देवीचा काही संबंध नाही. चप्पल निसटत होती, तेव्हाच मला कळायला हवं होतं. दुसरं मी शिकवलं काय जन्मभर?"

वहिनी त्यांच्याकडे वळली.

"अहो, मग महिनाभर मला त्या माउलीचे पाय का धरायला लावलेत? रोज माफी मागतेय मी तिची."

वहिनीनं मला सांगितलं, भाऊजी, चहा घ्या, निवतोय. तो केव्हाच निवला होता. मी तसाच प्यालो.

त्यानंतर तिनं देवीचं नाव कुणापाशी काढलं नाही. सरांचंही नाही. कुणी विचारलं तर एवढंच म्हणते, साखर होती, दुर्लक्ष झालं. कुणाचं, ते ती सांगत नाही, आणि सर तिच्या शेजारी बसून ते ऐकतात.