पासपोर्टचं शेवटचं पान

जयपूरच्या आमच्या गलाईच्या दुकानात, म्हणजे जिथे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करतात तिथे, जमिनीवरची धूळसुद्धा टाकत नाहीत. साठवली की तिच्यातून थोडं सोनं निघतंच. आमच्या युरोपच्या तयारीचे किस्से असेच साठत गेलेत.

बेत असा. महिनाभर रेल्वेने युरोपला गोल चक्कर. व्हिएन्नाहून निघायचं, व्हिएन्नालाच परत यायचं. जाणार चौघं. आयटीतला माझा मित्र भूषण, त्याची जयपूरलाच वाढलेली बायको वैदेही, तिचे वडील, ज्यांना मी काका म्हणतो, आणि मी. मला गाड्यांचा नाद, म्हणून वेळापत्रक माझ्याकडे. काकांची नोकरी विम्याचे खोटे क्लेम पकडण्यात गेली. अजून त्यांना समोरचा माणूस क्लेमच वाटतो!

त्यांच्या विद्याधर नगरच्या घरी मी पहिल्यांदा नकाशा उघडला.

"निघालो तिथेच परत? हा रूट कोणी काढला?"

"मी, काका."

"मग मधलं काहीतरी लपवतोयस. सरळ माणूस सरळ जातो!"

*

बऱ्याच गाड्यांना सीट नंबर नसतो, कुठेही बसता येतं, हे मी सांगितलं.

"म्हणजे आपल्या सीटवर आधीच कोणीतरी बसलेला असणार!" काका म्हणाले.

"पप्पा, मतलब तिथे कोणाची सीटच नाहीये."

"मग तो बसलाय कुठे?"

*

भूषण माझं वेळापत्रक गुपचूप मोबाइलवर तपासत होता. तेवीसच्या तेवीस गाड्या बरोबर निघाल्या. मला वाटलं, शाबासकी देईल.

"एकही चूक नाही?" तो म्हणाला. "इथेच मला शंका येते!"

*

मग काकांनी व्हिसाची फाइल केली. प्रत्येकाने पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स द्यायची. मी दोनदा फक्त पहिलंच पान दिलं.

दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर शेवटच्या पानावर एक शिक्का असतो. नववीत शाळा सोडून मी मामाबरोबर विट्याहून इथे आलो, हे मी यांना कधी सांगितलंच नव्हतं. तिघंही शिकलेले. कळलं तर माझ्या वेळापत्रकावर कोण विसंबणार?

"शेवटच्या पानावर बायकोचं नाव असतं ना?" वैदेही हळूच म्हणाली. "संतोषजी, खरं सांगा. गावाकडे कोणी आहे?"

मी लाजलो. तोच पुरावा ठरला!

काकांनी फाइल बंद केली. "रविवारपर्यंत पान नाही आलं, तर नाव कट."

*

रविवारी काकांना आणखी एक शंका. म्युनिकची गाडी पकडायला एका स्टेशनवर फक्त सात मिनिटं होती. "सामानासकट जमतं का, आधी करून दाखवा!"

म्हणून सकाळी आम्ही जयपूर स्टेशनवर. प्लॅटफॉर्म तिकिटं, चार बॅगा, काकांच्या हातात स्टॉपवॉच. पूल चढायचा, उतरायचा, पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर पोचायचं. दोनदा गाडी चुकली. तिसऱ्यांदा कॉन्स्टेबलने अडवलं.

"कब से भाग रहे हो? कौन सी गाड़ी है?"

काकांना धाप लागलेली. तरी खरं तेच बोलले, "म्युनिकवाली."

"आईडी निकालो."

तिघांची ओळखपत्रं बाहेर लावलेल्या कारमध्ये राहिलेली. माझा पासपोर्ट मात्र खिशात होता. खोलीवर ठेवला आणि कोणी उघडला तर, या भीतीने मी तो सोबतच बाळगायचो. कॉन्स्टेबलने तो मागूनच उघडला.

"शादी नहीं हुई?"

वैदेहीचा चेहरा पडला.

"और ये ठप्पा? दसवीं नहीं की?"

"नहीं साहब. नौवीं में छोड़ दी."

भूषण बॅगेची चेन लावू लागला. ती आधीच लावलेली होती.

"तो म्युनिक इन सबको ले कौन जा रहा है?"

तिघांनीही माझ्याकडे बोट दाखवलं.

कॉन्स्टेबलने एकदा मला बघितलं, एकदा त्यांना, आणि पासपोर्ट काकांच्या हातात दिला. काकांनी चष्मा पुसला. शेवटचं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पासपोर्ट माझ्या खिशात ठेवून त्यांनी स्टॉपवॉच शून्यावर आणलं.

"चला, परत प्लॅटफॉर्म एक! आणि या वेळी सगळ्यांनी संतोषच्या मागे पळायचं."