सासूबाईंचा घडीचा चाकू
माझ्या सासूबाईंनी, म्हणजे नयना पागे यांनी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मोबाइलवरून चाकू मागवला, तोही मला न विचारता. का विचारतील? घरातल्या सगळ्या सुऱ्या, विळी, अगदी किसणीसुद्धा मीच माळ्यावर नेऊन ठेवली होती.

दिवाळीनंतर त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. बोलणं पंधरा दिवसांत सुधारलं, चालणं महिन्याभरात. उजवा हात मात्र रुसून बसला. आणि तो काही साधासुधा हात नव्हता. बडोद्यात प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीत एकतीस वर्षं त्या ट्रेसर होत्या. पुलांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईने उतरवायच्या आणि रेघ चुकली तर ब्लेडच्या टोकाने तेवढीच शाई खरवडून काढायच्या. त्याच हाताने दर चैत्रात गौरीपुढे कलिंगडाचं कमळ कोरायच्या. फळाच्या मधोमध गोल फिरत सोळा टोकदार पाकळ्या, आणि शेवटची पाकळी पहिलीला अशी मिळायची की सुरुवात कुठून केली ते शोधूनही सापडू नये. दांडिया बाजारातल्या बायका हळदीकुंकवाला आल्या की आधी कमळ बघतात आणि मग गौर, असं माझा नवरा धवल म्हणतो.

"यंदा कमळ बाहेरून आणू या," मी म्हटलं होतं. अलकापुरीत माझ्या ऑफिसशेजारी एक केटरर सुरेख कोरून देतो. सासूबाई गप्प राहिल्या. त्या गप्प राहिल्या की सावध व्हावं, एवढं तरी बारा वर्षांत मी शिकायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी पार्सल आलं. आत काळ्या दांड्याचा, बोटाएवढा, मिटलेला चाकू. बघताच माझं डोकं तडकलं. सासूबाईंनी मात्र मुलगी बघायला बसल्यासारखं त्याला निवांत पाहिलं. डाव्या तळहातावर तोलला. "हलका आहे, पण पोकळ नाही." दांड्यावरून अंगठा फिरवला. "घामाने सटकायचा नाही." पात्याच्या मुळाशी एक बारीक खुंटी होती. ती अंगठ्याने रेटताच पातं खट्कन उघडून ताठ झालं. एका हाताने! त्यांचा चेहरा असा काही उजळला की माझा निम्मा राग तिथेच उतरला. मग त्यांनी वर्तमानपत्राची कड कापून पाहिली. "धार बराबर आहे. टोक जरा जाड, पण चालेल."

मिटवताना मात्र गाडी अडली. त्यासाठी दांड्याच्या आतली पोलादी पट्टी अंगठ्याने बाजूला सारावी लागते आणि ती पट्टी उजव्या हाताच्या सोयीने बसवलेली. डाव्या अंगठ्याला ती धड लागेना आणि उजव्यात जोर नव्हता.

"घ्या! यांनी डावखुऱ्यांचा विचारच केलेला नाही," त्या म्हणाल्या. "रसिका, उघडणं माझं, मिटवणं तुझं."

मी हात पुढे केला तशा डाफरल्या, "हातात नाही देणार! खाली ठेवते, तू उचल. आपल्यात आधीच काय कमी भांडणं होतात?"

मी निमूटपणे टेबलावरून चाकू उचलला आणि मिटवला. माळ्यावर ठेवायला मात्र हात होईना.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी तासभर त्यांचा अभ्यास सुरू झाला. दुधी, पपई, लाल भोपळा, जे मिळेल त्यावर डाव्या हाताने पाकळ्या. तीन आठवडे आम्ही त्रिकोणी फोडींचं शाक खाल्लं. दोनदा त्यांचं बोट कापलं. दोन्ही वेळा मी आरडाओरडा केला आणि दोन्ही वेळा त्यांनी हळद दाबून पुढची पाकळी घेतली. डॉक्टरांनी उजव्या हातासाठी दिलेला रबरी चेंडू तेवढा कपाटाखाली धूळ खात होता. त्याचं नाव काढलं की म्हणायच्या, "चेंडू काय दाबायचा! मी काय लहान आहे?" आणि कपडे वाळत घालायचे चिमटे मांडीवर घेऊन त्यांच्याशी चाळा करत बसायच्या.

हळदीकुंकवाच्या सकाळी त्या कलिंगड घेऊन बसल्या. मी पन्ह्यात वेलची घालत होते, पण लक्ष सगळं तिकडेच. खरं सांगायचं तर मी भित्री निघाले होते. केटररकडून कोरलेलं कमळ आदल्या दिवशीच आणून फ्रिजमध्ये मोठ्या पातेल्याखाली झाकून ठेवलं होतं.

पंधरा पाकळ्या नीट उतरल्या. सोळावी पहिलीला मिळाली नाही. मध्ये अंगठ्याएवढी जागा उरली. सासूबाई थांबल्या. कलिंगडावरची रेघ काही ब्लेडने खरवडता येत नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि माझा हात फ्रिजकडे गेला.

"थांब," त्या मागे न बघता म्हणाल्या. चाकू पुन्हा आत रोवला आणि उरलेल्या जागेत सतरावी पाकळी काढली. अरुंद, जराशी कललेली. मग दोन्ही अर्धुकं अलगद सुटी केली. त्यातलं एक लालभडक कमळ आपल्या हाताने गौरीपुढे नेऊन ठेवलं आणि कलती पाकळी मागे लपवायची सोडून मुद्दाम पुढेच केली. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

"रडतेस काय? बायका येतील आता. फ्रिजमधलं ते दुसरं कापून खायला ठेव," त्या म्हणाल्या. "पातेलं कशाला पालथं घातलंस गं? मला काय दिसत नाही?"

मी ओशाळून, नेहमीप्रमाणे चाकू मिटवायला पुढे झाले. पण त्यांनी तो खाली ठेवला नाही. डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. उजवा अंगठा थरथरत त्या पट्टीवर टेकला, घसरला, पुन्हा टेकला. पट्टी सरकली. डाव्या तळव्याने त्यांनी पातं मागे लोटलं.

खट्.

"चिमटे परत दोरीवर लावून टाक," सासूबाई म्हणाल्या. "माझं काम झालं."