दूध संघाचा कॉम्प्युटर आणि डोळ्याला बरा रंग

गेवराईकडच्या एका दूध संघात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. आमच्याकडे टेबल सकाळी पुसलं की दुपारी परत बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ! किश्शांचंही तसंच. विसरावं म्हटलं तरी साचत जातात. त्यातले निम्मे तर एकाच विषयावरचे आहेत, स्क्रीनचा रंग कोणता असावा! माझ्या डोक्यावरचे पांढरे केस दुष्काळानं नाही, त्या विषयानं आणलेत.

सुरुवात केली आमच्या मॅनेजरनी, मुळे साहेबांनी. त्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, "स्क्रीन डार्क ठेवून बघा." झालं! मी ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर काळे केले. पांढरी अक्षरं, मागे काळोख.

सकाळी चेअरमन अण्णा आत आले. दारातच थबकले. हळूच टोपी काढली आणि खालच्या आवाजात मला विचारलं,

"कोण गेलं?"

तरी मुळे साहेबांना डार्क सोडवेना. महिनाभरानं अण्णा म्हणाले, "बघा, साहेबांचं कामात लई लक्ष लागायलंय. नजर हलत न्हाई." मी मागून जाऊन पाहिलं. साहेब काळ्या स्क्रीनमध्ये बघून भांग पाडत होते!

काळा रंग अशुभ ठरला, म्हणून मी संध्याकाळचा पिवळसर उजेड लावून दिला. डोळ्यांना खरंच बरा असतो. पण ऑफिस झाडणाऱ्या आसराबाईंनी तो पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, ह्याला कावीळ झालीय!"

मी सेटिंग समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या माहेरी, पालीला, कावीळ उतरवायला गळ्यात माळ घालतात. दुसऱ्या दिवशी येते तर मॉनिटरला काविळीची माळ! वैतागून मी पिवळा रंग बंद केला आणि स्क्रीन परत पांढरी केली.

आसराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "उतरली का न्हाई?"

पुढच्या आठवड्यात दोघं जण आपले पिवळट दिसणारे मोबाइल घेऊन आले. "मॅडम, ह्याची बी उतरवा की!"

मग आली संघाची निवडणूक. त्या वेळी मी साहेबांसाठी फिकट गुलाबी थीम लावलेली. एक संचालक तावातावानं आत शिरले.

"विरोधकांचं पत्रक गुलाबी! हितं कॉम्प्युटर गुलाबी! सभासदांनी काय समजायचं?"

"अहो, डोळ्याला बरं असतं म्हणून लावलंय."

"आमच्या डोळ्यात खुपतंय त्याचं काय?"

"मग कोणता रंग लावू, तुम्हीच सांगा!"

ते मग टेबलावर हात आपटून म्हणाले,

"बिनविरोध लावा!"

वजनकाट्यावर आमचे शेख भाई. त्यांच्या स्क्रीनवर खिडकीतून सरळ ऊन यायचं, आकडा दिसायचाच नाही. पडदा मागून मागून दमले आणि शेवटी बाजारातून काळा गॉगल आणला. दूध घालायला आलेल्या लोकांनी गॉगल पाहिला आणि भराभर मागं सरकले.

"भाईचे डोळे आलेत, लांब थांबा बे!"

जिथं एरवी कॅनवर कॅन आदळायचे आणि आरडाओरडा चालायचा, तिथं शांत रांग! काही दिवसांनी मी एकदाचा पडदा मंजूर करून आणला, खिडकीला लावून दिला. भाईंनी गॉगल काढलाच नाही.

"आता तर ऊन येत नाही, भाई!"

"न्हाई येत. पण डोळ्यापेक्षा कानाला लई आराम हाय, मॅडम!"

आता शेवटचा सांगते, आणि थांबते. हा आठवला की हसू येतं.

दुष्काळ टिपेला होता. संघाच्या आवारात जनावरांची छावणी होती. कोणत्या गावात चारा-पाणी संपलंय ते मी स्क्रीनवर लाल करून ठेवायचे. जवळजवळ सगळीच स्क्रीन लाल! मुळे साहेब रोज कुरकुरायचे, "बाई, बघवत नाही हो. डोळे चुरचुरतात." मी ठाम, "साहेब, हा रंग बदलायचा नाही." एक दिवस मी जेवायला गेले, आणि साहेबांनी स्वतःच्या हातानं सगळं लाल पुसून हिरवं केलं. छान, पोपटी.

नेमके तेव्हाच छावणी तपासायला वरचे अधिकारी आले. मी डबा तसाच टाकून धावत आले, तर ते खुर्चीत बसून स्क्रीन बघतायत.

"अरे वा! तालुक्याची परिस्थिती बरीच सुधारलीय की. मग छावणी कशाला चालू ठेवायची?"

"साहेब, तो नुसता रंग आहे!" मी ओरडलेच. "गावं तीच आहेत!"

"हिरवं दिसतंय ना?" ते म्हणाले, आणि पेन काढलं. मुळे साहेबांचा चेहरा पांढराफटक.

दारात कौसाबाई उभ्या होत्या. नवरा ऊसतोडीला गेलेला, या एकट्या म्हशीबरोबर छावणीत राहायच्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि तडक छावणीकडं वळल्या.

छावणी बंद झाली नाही, पाऊस पडेपर्यंत चालू राहिली, हे आत्ताच सांगून टाकते. अधिकाऱ्यांनी लिहायला सुरुवात केली होती, तेवढ्यात व्हरांड्यात खूर वाजले. दार अंधारलं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी ती म्हैस, शिंगं तिरकी करून, निम्मी आत आली. कौसाबाई मागून तिला ढकलत होत्या.

अधिकारी खुर्चीसकट मागं सरकले. "ओ बाई! हे काय चाललंय?"

"तुमी तिकडं सरका, साहेब," कौसाबाई स्क्रीनकडं बोट दाखवत म्हणाल्या, "तिला चरू द्या!"