जत्रेनंतरची तारीख

मालवणच्या धक्क्यावर कुणाच्या होडीचं इंजिन बंद पडलं की पहिला फोन जितेंद्रला जातो. वय चौतीस, दारूचा थेंब नाही, अंगाला कायम डिझेलचा वास. इंजिनाला कान लावून तो दुखणं सांगतो. स्वतःच्या पोटाचं मात्र त्याने दिवाळीपर्यंत अंगावर काढलं.

दिवाळीत सोनोग्राफी झाली. लिव्हरमध्ये चार सेंटिमीटरची गाठ, रक्तात हेपॅटायटिस बी. 'लगेच गोव्याला जाऊन सीटी स्कॅन करा,' असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

"जत्रा झाली काय जातंय," जितेंद्र म्हणाला. आणि त्याची आई जानकी, बीएस्सी झालेली, मसुऱ्यात वीस वर्षं विज्ञान शिकवलेली, "बरं" म्हणाली. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख काही कॅलेंडर बघून धरता येत नाही, देवीचा हुकूम होईल तेव्हा ठरते. यंदा ती मार्चात निघाली. घरात मुंबईकर आले, गेले, आणि मग मायलेक गोव्याला पोहोचले.

गाठ साडेसहा सेंटिमीटर झाली होती.

"गाठ पाच सेंटिमीटरच्या पुढे, कडा वेड्यावाकड्या, रक्तातलं एएफपी, म्हणजे कॅन्सरची खूण, चढलेलं, विषाणूही भरपूर," तिथले डॉक्टर म्हणाले. "अशी गाठ रक्तवाहिनीत शिरण्याचा धोका जास्त. शिरली तर काढणं अवघड, काढली तरी परत येण्याची भीती."

"शिरली आहे?" जानकीने विचारलं.

"मोठ्या शिरेत दिसत नाही. बारीक वाहिन्यांचं मात्र काढलेला भाग तपासल्यावरच नक्की कळेल." त्यांनी जुना कागद उलटला. "दिवाळीपासून कुठे होता?"

"होड्यांचा सीझन होता, डॉक्टर," जितेंद्र घाईने म्हणाला.

"जत्रेसाठी थांबलो," जानकी म्हणाली. "मला कळत होतं. तरी मी हो म्हटलं."

डॉक्टरांनी तारखांची वही उघडली. ऑपरेशनला या गुरुवारी जागा होती, नाहीतर थेट पंधरा दिवसांनी.

बाहेर बाकावर जितेंद्रने तिला कोपराने ढोसलं. "आये, तोंड कित्याक पाडलंस? इंजिन उघडल्याशिवाय माका तरी खंय कळता? उघडूंदे त्येका."

तिला हसू आलं नाही. गाठीने पाच सेंटिमीटर कधी ओलांडले असतील? जत्रेसाठी घराला रंग दिला त्या आठवड्यात? की पाहुण्यांसाठी वडे तळत होती तेव्हा? ती उठून येरझारा घालू लागली.

जितेंद्रने घरी तारखा कळवल्या, तेवढ्यात गावाहून थोरल्या जावेचा, राधाबाईचा फोन आला. "गो जानकी, गुरुवारी अवस आसा. अवसेक पोट फाडूक देतंस? पंधरा दिवसांत काय बिघाडतला?"

"वहिनी, गाठ थांबणा नाय," जानकी म्हणाली आणि तिचं पुढचं न ऐकता काउंटरकडे वळली.

फॉर्मवर तिने गुरुवार लिहिला. जितेंद्रने सही केली, खाली तिने केली. तरी ती तिथून हलेना.

"बारीक वाहिन्यांचा रिपोर्ट किती दिवसांनी मिळतो?"

"आधी ऑपरेशन होऊ दे, मावशी," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "मग आठ-दहा दिवस."

"आठ की दहा?" जानकीने विचारलं.