उभ्या ओळीत वाचलेला पूल

नवीन वाचकाला पहिले कॉमिक कोणते द्यावे, असे मला अधूनमधून विचारले जाते. विचारणारे बहुधा माझे जुने विद्यार्थी असतात. त्यांची मुले आता पुण्यात शिकतात आणि गुळगुळीत कागदाच्या जाडजूड ग्राफिक नॉव्हेल घेऊन बसतात. मी त्यांना सांगतो, पानावर सहापेक्षा जास्त चौकटी नसाव्यात. एका चौकटीत एकानेच बोलावे. महामानव, म्हणजे सुपरहीरो, उडणारा असो वा भिंत फोडणारा, त्याची पहिलीच गोष्ट द्यावी, मधली देऊ नये. मधल्या गोष्टीत कोणाचे कोणाशी वैर आहे हे नवख्याला कळत नाही. आणि वाचक गोष्ट सांगून संपवेपर्यंत देणाऱ्याने तोंड उघडू नये.

यातला शेवटचा नियम मला ज्या बाईने शिकवला, ती मला पाण्यात पाहत असे. तसे पाहण्याचा तिला पूर्ण अधिकार होता.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षे होती. मी यवत आणि राहू यांच्यामधल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होतो. साक्षरतेचे वारे वाहत होते आणि गावातल्या बायकांचा वर्ग माझ्याकडे सोपवला गेला होता. शनिवारची सकाळची शाळा सुटली, की दुपारी दोन वाजता व्हरांड्यात अकरा बायका येऊन बसत. मी वर्णमालेचे तक्ते स्वतः तयार केले होते. एका उभ्या ओळीत चित्रे, तिच्याशेजारी उभ्या ओळीत अक्षरे. छडी वरून खाली सरकवत मी म्हणे आणि त्या माझ्यामागून म्हणत. ही मांडणी पुढे मला भोवणार होती.

त्या अकरांपैकी एक ग्रामपंचायतीची सदस्य होती. वय चाळिशीच्या आसपास. घर पूर्वी मेंढरांमागे फिरणारे, आता कॅनॉलच्या कडेला शेती करून स्थिरावलेले. तरी शंभरएक मेंढरे अजून वाड्यात होती. जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा तिला उभे केले गेले आणि ती निवडून आली. मी तिला आक्का म्हणत असे. पहिल्याच दिवशी मी पाटीवर तिचे नाव लिहून म्हणालो, "आक्का, आधी सही शिकू."

तिने पाटी माझ्याकडे परत सरकवली. "मला सही नगा शिकवू, गुरुजी. सही आली की सह्या घेत्याल. मला वाचायला शिकवा."

"पण सही सोपी असते."

"म्हणून तर त्ये घेत्यात. आत्ता अंगठा मागत्यात, तवा हात शेणाचा हाय म्हणून टाळती मी."

मग तिने कारण सांगितले. ग्रामसेवक भाऊसाहेब सभा संपताच ठरावाच्या वहीचे कोरे पान पुढे करत. सह्या आणि अंगठे आधी, मजकूर मागाहून, सवडीने. गावात याला कोणी लबाडी म्हणत नसे. ही पद्धतच होती. कॅनॉलच्या फाट्याखाली मेंढरांचा पाणवठा होता, आणि तिथे हायवेला लागून गाळे काढायचे घाटत असल्याचे तिच्या कानावर आले होते. वहीत पाणवठ्याबद्दल काय लिहिले जाते, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे होते. तिचा सगळा अभ्यास एवढ्यासाठी होता.

पाच महिन्यांत तिने अंकलिपी संपवली. पुढे वाचायला जे सरकारी पुस्तक आले, ते जुलाब, निर्धूर चूल आणि वृक्षारोपण यांविषयी होते. ते वाचताना अकरापैकी सहाजणी बसल्या बसल्या झोपत. मी त्या पुस्तकाला मनापासून शिव्या दिल्या आहेत. आजही माझे मत बदललेले नाही. जो मनुष्य नुकतेच वाचायला शिकलेल्या माणसाच्या हाती उपदेश देतो, त्याला वाचक नको असतो, हो म्हणणारी मान हवी असते.

म्हणून मी कॉमिक्सकडे वळलो. माझे लहानपण शिरूरचे. तिथल्या बाजारात एका रद्दीवाल्याकडे पोत्यांखाली दबलेली कॉमिक्स मी उकिडवा बसून वाचली होती, आणि वडिलांच्या हातचा मारही त्यासाठी खाल्ला होता. वाचनाची गोडी मला पाठ्यपुस्तकाने लावली नाही, त्या पोत्यांनी लावली. दौंडला काही कामानिमित्त गेलो असताना स्टेशनवरच्या स्टॉलवरून मी उडणाऱ्या महामानवाची पाच हिंदी कॉमिक्स घेतली. संवादांच्या फुग्यांवर कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवल्या आणि त्यांवर ठळक अक्षरांत मराठी लिहिले. नवख्यांना त्रास नको म्हणून संवाद छाटून एकेका शब्दावर आणले: "थांब!", "धडाम!", "वाचवा!", "उपकार!"

मुख्याध्यापकांनी ती कॉमिक्स चिमटीत धरून पाहिली. "गुरुजी, ह्या बायांना शहाणं करायचा आदेश आहे. येडं करायचा नाही."

"सर, निर्धूर चुलीनं कोण शहाणं झालं?"

"चूल निदान जमिनीवर तरी असते," ते म्हणाले. शिक्षककक्षात हशा पिकला. त्या दिवसापासून ते मला, समोर आणि माघारी, "उडते गुरुजी" म्हणू लागले. मीही त्यांच्याशी कामापुरतेच बोलायचे ठरवले.

पुढच्या शनिवारी मी आक्काला सर्वांत सोपे कॉमिक दिले. त्यातले एक पान मला अजून पाठ आहे. दोन-दोन चौकटींच्या तीन ओळी. पहिल्या ओळीत महामानव मूठ आवळून पुलाकडे झेपावतो. शेजारच्या चौकटीत दरोडेखोरांची गाडी पुलावरून पळते आणि मागे बॉम्ब टाकते. दुसऱ्या ओळीत पूल मोडतो, महामानव धुरात उभा. शेजारी समोरून प्रवाशांनी भरलेली बस येते. तिसऱ्या ओळीत महामानव मोडका पूल खांद्यावर पेलतो, शेजारी प्रवासी हात जोडून म्हणतात, "उपकार!"

आक्काने पान बराच वेळ निरखले. मग बोट ठेवून वाचत गेली आणि बायकांना गोष्ट सांगू लागली.

"ह्यो लाल चड्डीवाला मूठ वळून येतो. येतो आन् पूल मोडतो. धडाम! मोडल्यावर त्यालाच खांदा देऊन उभा ऱ्हातो. मग त्याच्या खांद्यावरनं चोरांची गाडी सुखानं पार हुती. मागनं एसटी येती. आन् समदी येडी लोकं ह्यालाच हात जोडत्यात, का तर म्हणं उपकार झालं." तिने पुस्तक मिटले. "आपणच मोडायचं, आपणच खांदा द्यायचा, चोर पार करायचा आन् वर नमस्कार घ्यायचा. असले आमच्या गावात लई हायत, गुरुजी. त्यास्नी उडावं बी लागत न्हाई."

ती उभ्या ओळीत वाचत होती. आधी डावी ओळ वरून खाली, मग उजवी. माझ्या तक्त्यांनी तिला तसेच शिकवले होते, आणि माझ्या एकशब्दी पट्ट्यांत क्रम सुधारेल असे काहीच शिल्लक नव्हते. दोन्ही चुका माझ्या होत्या.

हे मला आज कळते. तेव्हा मी हसलो. पोट धरून हसलो आणि सर्वांसमोर म्हणालो, "आक्का, उलटं वाचलंत! अहो, पुलाला वाचवणाऱ्यालाच चोर केलंत!"

मी हसलो म्हणून बायकाही हसल्या. एक जण म्हणाली, "मेंबरीन बाई, वही बी अशीच वाचशील व्हय ग?"

आक्का हसली नाही. तिने कॉमिक पिशवीत टाकले आणि उठली. "तुमी उभ्यानं शिकिवलं, मी उभ्यानं वाचलं. आता आडवं हाय म्हणून हसा." ती गेली. पुढचे तीन शनिवार ती आली नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. मी तो किस्सा शिक्षककक्षात सांगितला. मुख्याध्यापकांशी माझे पटत नव्हते. त्यांना हसवून निदान एक चहा तरी मिळून घ्यावा, असा क्षुद्र विचार त्यामागे होता. त्या चहाला भाऊसाहेबही होते. ते सर्वांत उशिरा हसले आणि त्यांनी मला तो किस्सा पुन्हा एकदा, सावकाश सांगायला लावला.

चौथ्या शनिवारी ग्रामपंचायतीची सभा आमच्या शाळेत भरली, कारण कचेरीचे पत्रे बदलायला काढले होते. सभा सातवीच्या वर्गात झाली. माझ्या तक्त्यांचे कपाट त्याच वर्गात असल्याने आवराआवर करत मी तिथेच होतो. आक्का मागच्या बाकावर, पदर डोक्यावर घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. नळाच्या तोट्या, दिवाबत्ती असे विषय झाले. पाणवठ्याचे नाव कोणी काढले नाही. सरपंचांनी "संपलं" म्हणताच वही फिरू लागली. एकेक सदस्य, न बघता, पानाच्या तळाशी सही करत होता.

वही आक्कापुढे आली. शाईचा पॅडही आला. तिने हात पदराखाली घेतले.

"आक्का, अंगठा," भाऊसाहेब म्हणाले.

"मला वाचता येतं. वाचून देती."

"तुला वाचता येतं?" भाऊसाहेबांनी आवाज चढवला, म्हणजे सर्वांना ऐकू जावा. "अगं, तू चितरं सुद्धा उलटी वाचतीस. ह्या गुरुजींनीच सांगितलंय. काय हो गुरुजी? चोराला देव आन् देवाला चोर केलंन की न्हाई हिनं?"

वर्ग हसला. सरपंच हसले. दारात उभे असलेले मुख्याध्यापकही हसले. सगळे माझ्याकडे पाहू लागले, आणि मी कपाटाच्या दाराशी छडी हातात धरून उभा होतो. "चूक माझ्या तक्त्याची होती" एवढे एक वाक्य पुरेसे होते. ते मी बोललो नाही. मी म्हणालो, "अभ्यास चालू आहे त्यांचा." असे वाक्य शिक्षक नापास मुलाच्या बापाला सांगतात.

आक्काने माझ्याकडे पाहिले, फार वेळ नाही. मग वही स्वतःकडे ओढली आणि पानाच्या डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत बोट नेले. खाली आली, पुन्हा डावीकडून उजवीकडे. अशी एकेक आडवी ओळ, पानाच्या तळापर्यंत. तोवर हसणे थांबले होते.

"वाचलं," ती म्हणाली.

"काय वाचलंस?"

"ह्यात काय बी लिवलेलं न्हाई."

"आधी मजकूर, मग सही. गुरुजी म्हणत्यात, चौकटी उलट्या वाचल्या की मोडणारा बी तारणारा दिसतो. खरं हाय त्यांचं. मग ही वही कोण उलटी वाचतंय, भाऊसाहेब? मी का तुमी?" तिने पॅड हाताच्या पाठीने बाजूला सारला. "पाणवठ्याचं काय लिवणार हायसा त्ये लिवा. मी बसती हितं."

भाऊसाहेबांनी लिहिले नाही. सरपंच "जाऊ द्या, तिचं ऱ्हाऊ द्या" म्हणाले आणि वही पुढे गेली. बाकीच्यांच्या सह्या पुरेशा होत्या. त्या पानावर पुढे काय लिहिले गेले ते महिन्याभराने सर्वांना दिसले: पाणवठ्यावर गाळ्यांसाठी मुरूम पडला. आक्काच्या मेंढरांना पाण्यासाठी पार भांडगावच्या बाजूला जावे लागू लागले. ती हरली. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितो आहे, कारण असल्या हकिगतींच्या शेवटी अक्षरओळख जिंकते, असा आमच्या खात्याचा गोड समज आहे. त्या वहीत तिच्या नावापुढे जागा तेवढी रिकामी राहिली.

सभेनंतर मी तिच्या मागे फाटकापर्यंत गेलो. "आक्का, मी बोलायला हवं होतं."

"व्हय," ती म्हणाली.

"शनिवारी याल?"

"तुमच्या महामाणसाला सांगा यायला. त्येला खांदा द्यायची हौस हाय." आणि ती कॅनॉलच्या वाटेला लागली.

वर्ग उन्हाळ्यात बंद पडला. भाऊसाहेबांनी वर काय कळवले मला माहीत नाही, पण "नवसाक्षरांना आक्षेपार्ह वाचन दिल्याबद्दल" माझा खुलासा मागवला गेला, आणि पुढच्या बदल्यांत माझे नाव शिरूर तालुक्यात निघाले. जाण्याच्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्यापुढे ते कॉमिक टाकले. "मेंबरीन बाईंनी धाडलंय. घ्या तुमची ग्रंथसंपदा."

मी ते यवतच्या स्टँडवर उघडले. पानापानावरच्या प्रत्येक चौकटीत शिसपेन्सिलीने आकडे घातले होते. एक, दोन, तीन, चार; डावीकडून उजवीकडे, कुठेही न चुकता. ती सबंध पुस्तक आडवे वाचून गेली होती. फक्त पुलाच्या पानावर आकडे वरून खाली होते, आणि तिथे पेन्सिल इतकी दाबलेली, की आकडे कागदाच्या पलीकडच्या बाजूला उमटले होते.

ते कॉमिक अजून माझ्याकडे आहे. कोणी नवीन वाचकासाठी पुस्तक मागायला आले, की मी तेच पान आधी त्याच्यापुढे ठेवतो, गोष्ट सांगायला लावतो आणि गप्प बसतो. बहुतेक जण आकड्यांमुळे गोंधळतात. "सर, हे चुकीचे नंबर कोणी टाकलेत?" असे विचारतात. मी त्यांना दुसरे पुस्तक देतो. ते पान मात्र खोडरबर लावून दुरुस्त करण्याचे माझ्या हातून झालेले नाही, होणारही नाही.