सुइणींना विचारायचे प्रश्न

सातवा महिना लागला होता आणि मी दिवसभर भीत असायची. पाल चुकचुकली तरी दचकायची. माझी थोरली जाऊ मागच्या आश्विनात बाळंतपणानंतर तापानं गेली, आणि ती जिथं गेली ती खोली आता माझ्यासाठी सारवायची होती. आई नसल्यामुळे अकोल्याला माहेरी जाण्याचा प्रश्नच नव्हता. "सुइणीच्या हातानं गेली," एवढंच घरात सगळे म्हणत. अमरावतीच्या आमच्या भागात सुईण होती ती एकच, तीच.

अशात मला काम मिळालं तेही सुइणींचंच. बायकांच्या दवाखान्यात वर्षभर त्यांचा सरकारी वर्ग चालला होता. शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या, वऱ्हाडी ऐकलं की कोणीतरी भांडतंय असं त्यांना वाटे. नागपूरच्या कचेरीतून विचारणा आली होती, की वर्गाचा उपयोग झाला का हे सुइणींच्याच तोंडून कळवा, मग अकोल्यालाही वर्ग काढायचा की नाही ते ठरवू. मी सातवी पास आणि इथलीच, म्हणून प्रश्न तयार करायला मला बोलावलं. दवाखान्याशी ओळख असलेली बरी, म्हणून सासूबाईंनी जाऊ दिलं.

माझे पहिले प्रश्न फार शहाण्यासारखे होते. वर्ग आवडला का? बाई नीट शिकवतात का? शिकलेलं कामी येतं का? सुइणींना लिहिता येत नव्हतं, तेव्हा मी विचारायचं आणि मीच टिपून घ्यायचं. डॉक्टरीणबाई शेजारी खुर्चीवर. सगळ्यांचं उत्तर एकच, "लय चांगलं हाये, बाई." एकीनं तर माझा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच मान हलवून टाकली. वर्गात जिच्या हातून साबण मिळतो तिच्या तोंडावर नाही कोण म्हणणार? शिवाय पेन्सिल दिसली की त्यांना पोलिसातला जबाब आठवे. भिंतीला विचारलं असतं तरी चाललं असतं.

खरं सांगायचं तर नागपूरची मला काही पडली नव्हती. आमची सुईण माझ्या वेळी हात धुऊन येईल का, उकळलेलं पाणी वापरेल का, मी जगेन का, एवढंच मला हवं होतं. आणि माझा एकही प्रश्न तिथवर पोचत नव्हता.

मग मी धीर करून डॉक्टरीणबाईंना आत बसायला सांगितलं. पेन्सिल ठेवून दिली. आवडला का, कामी येतं का, सगळं काढून टाकलं आणि एकच प्रश्न ठेवला: मागच्या एखाद्या बाळंतपणाला गेलीस, तेव्हा दारात पाऊल ठेवल्यापासून काय काय झालं ते सांग. नुसतं हो म्हणून यातून सुटता येत नव्हतं. एकेकीला मी निंबाखाली बोलावू लागले.

मग आमची सुईण आली. ती माझ्या पोटाकडे पाहत उभी राहिली.

"कोणतं बाळंतपण सांगू, बाई?"

"कोणतंही."

"तुमच्या घरचं सांगू? तुमाले राग येईन."

मी बस म्हटलं. ती खाली मान घालून बोलली, "मी पाणी मांगतलं. उकळून द्या म्हनलं, या वर्गातल्या बाई तसंच सांगतात म्हनलं. मोठ्या बाई म्हने, विटाळाच्या कामाले आमी चूल नाही पेटवत. मले त काई चुलीपाशी जाता येत नाही. मंग आडाचं गार पाणी देल्लं, जुन्या घमेल्यात. फडकीबी जुनीच. मी काय करू? इथं शिकली ते सारं उंबऱ्याबाहेर रायलं."

मोठ्या बाई म्हणजे माझ्या सासूबाई. इतके दिवस मी सुइणीला भीत होते. आता भीतीनं घर बदललं, ती थेट आमच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.

मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. "मग हे प्रश्न आपण भलत्यांनाच विचारतोय," त्या म्हणाल्या. "हे घरच्या बायकांना विचारायला हवेत. पण ते विचारणार कोण?"

कोण विचारणार ते मला कळलं होतं आणि मला रडू येत होतं. सासूबाईंसमोर मी तोवर मान वर करून बोललेही नव्हते. घरी आले तेव्हा त्या ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. मी खांबाला धरून विचारलं, "माझ्या वेळी पाणी उकळून कोण देईल?"

त्यांचा हात थांबला. "त्या सुइणीनं भरवलं का तुले?"

"नाही. मलाच भीती वाटते. मला मरायचं नाही."

"भरल्या घरात असं अभद्र काहून बोलतं?" म्हणाल्या, आणि सूप उचलून आत गेल्या. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

नववा महिना सरत आला आणि एक दिवस भर दुपारी कळा सुरू झाल्या. मी त्या खोलीत बाजेवर पडले होते. कळ आली की ओरडत होते आणि ओसरली की श्वास धरून ऐकत होते. सुईण आली. दाराशी उभी राहून तिनं आवाज दिला, "पाणी द्या वो, मोठ्या बाई."

आतून काहीच आलं नाही. आडाचा रहाट वाजतो का म्हणून मी कान देऊन पडले. देवाचं नावसुद्धा आठवेना.

"थांब व जराशी," सासूबाई चुलीपासून ओरडल्या, "अजून उकळी नाही फुटली!"